टोमॅटोची तिखट चटणी बरण्यांत कशी टिकवावी

टोमॅटोच्या भावाविषयीं आमच्या वाचकांस नवें सांगण्याजोगें कांहीं नाहीं. 2023 सालच्या जुलैंत ज्या फळास शहरांत किलोमागें शंभर रुपयांहून अधिक मोजावे लागले, तेंच फळ त्याच वर्षीं सप्टेंबरांत नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं रस्त्यावर ओतलें. बाजाराचा हा लहरीपणा एका लेखानें सुधारणार नाहीं. परंतु जें फळ मातीमोल दरानें देणें जिवावर येतें, त्यांतील दोन टोपल्या घरांत वर्षभर पुरवितां येतात. तेवढ्यापुरतेंच आज लिहावयाचें आहे.

मिरची व टोमॅटो हीं दोन्ही मूळचीं अमेरिका खंडाचीं. मेक्सिकोंत त्यांची कांदा, मीठ व लिंबू घालून जी चटणी करितात, तिला ‘साल्सा’ म्हणतात. तेथें ती बहुधा ताजीच खातात. शेजारच्या संयुक्त संस्थानांत मात्र हंगामांत ती कांचेच्या बरण्यांत भरून ठेवण्याची घरगुती चाल आहे, आणि ती आपल्याकडे उचलण्याजोगी आहे.

लोणच्याच्या अनुभवावर विसंबून कोणी म्हणेल कीं, चटणी उकळली, गरम गरम भरली, म्हणजे झालें. येथेंच खरा धोका आहे. लोणचें मीठ व आंबटपणा यांच्या जोरावर टिकतें. या चटणींत मीठ थोडें. ‘क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम’ नांवाचा जंतु मातींत सर्वत्र असतो. त्याचीं बीजें साध्या उकळीनें मरत नाहींत, आणि हवा नसलेल्या बंद बरणींत तीं रुजून असें विष उत्पन्न करितात कीं, त्याच्या अत्यल्प अंशानेंही मनुष्य दगावतो. वास, रंग किंवा चव यांवरून तें ओळखूं येईलच असें नाहीं. घरगुती चुलीवर या बीजांस रोखणारी खात्रीची गोष्ट म्हणजे आंबटपणा. तो मोजण्याच्या ‘पीएच’ या मापावर आंकडा जितका लहान, तितका पदार्थ अधिक आंबट, 4.6 किंवा त्याखालीं तो असला तर हीं बीजें रुजत नाहींत. टोमॅटो नेमका या सीमेवर उभा आहे. जातीप्रमाणें व पिकण्याप्रमाणें तो अलीकडे असतो किंवा पलीकडे जातो. त्यांत कांदा व हिरवी मिरची घातली कीं चटणी धोक्याच्या बाजूस झुकते, कारण त्यांत आम्ल फारसें नाहीं. तिखट पदार्थ आपोआप टिकतो, ही समजूत निखालस चुकीची आहे.

म्हणून जिन्नस मोजूनच घ्यावे. जॉर्जिया विद्यापीठांतील गृह-अन्नसंरक्षण केंद्रानें प्रसिद्ध केलेलें एक प्रमाण असें: सुमारें 240 मिलिलिटरच्या कपानें सोललेल्या व बिया काढलेल्या पक्व टोमॅटोच्या फोडी 6 कप, चिरलेला कांदा व मिरची मिळून 9 कप, बाटलींतील लिंबाचा रस दीड कप, मीठ 3 चहाचे चमचे. एवढ्यांत अर्ध्या लिटरच्या सुमारें सहा बरण्या भरतात. मिरची कोणतीही चालेल. लवंगी सोसत नसेल तर मिरची कमी करून तितकाच कांदा वाढवावा. मात्र दोहोंची बेरीज 9 कपांवर जाऊं देऊं नये. रस बाटलींतलाच कां, असा प्रश्न येईल. झाडावरच्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो. बाटलींतील शुद्ध रसाचा (साखर घातलेल्या सरबताचा नव्हे) ठराविक असतो. स्वतःच्या बागेंत लिंबें असतांना बाटली विकत आणणें शेतकऱ्यास खटकेल, आम्हांसही खटकतें. तरी येथें काटकसर करूं नये. लिंबाऐवजीं व्हिनेगरही चालत नाहीं, कारण त्याचें आम्ल सौम्य पडतें.

फळ घट्ट, भरपूर गराचें व नुकतेंच पिकलेलें निवडावें. भाव पडला म्हणून डागी किंवा मेलेल्या झाडावरचें फळ येथें खपवूं नये. उकळत्या पाण्यांत अर्धा-एक मिनिट बुडवून लगेच गार पाण्यांत टाकिलें कीं साल सुटते. मिरच्या चिरतांना हातमोजे घालावे, हें ज्यांनीं एकदां तो हात डोळ्यास लाविला आहे त्यांस सांगावयास नको. सर्व जिन्नस एकत्र उकळीस आणून 3 मिनिटें मंद आंचेवर ठेवावे आणि गरम असतांनाच, वर अर्धा इंच जागा सोडून, बरणींत भरावे. बरणी कांचेची, उष्णता सोसणारी व हवाबंद बसणाऱ्या नव्या झांकणाची हवी. लोणच्याची चिनी मातीची बरणी येथें उपयोगी नाहीं. भरलेल्या बरण्या, झांकणावर एक इंच पाणी राहील अशा, मोठ्या पातेल्यांत बुडवाव्या व पाणी खळखळूं लागल्यापासून 20 मिनिटें उकळाव्या. समुद्रसपाटीपासून 1,000 फूट उंचीपर्यंत 15 मिनिटें पुरतात, म्हणून कोंकणपट्टींत तेवढें चालेल. उंचीवर मात्र पाणी कमी उष्णतेला उकळतें, आणि पुणें-नाशिककडील पठार दीड हजार फुटांच्या वर आहे.

जिरें किंवा सुक्या मिरचीची पूड हवी तर घालावी. तेलाची फोडणी बरणींत नको. ती बरणी उघडल्यावर द्यावी. आमच्या सुगरणींस हें पटणें कठीण जाईल, पण वरचें प्रमाण फोडणीसाठीं ठरविलेलें नाहीं.

12 ते 24 तासांनीं झांकण मधोमध दाबून पाहावें. तें खालीं-वर हललें तर ती बरणी नीट बंद झालेली नाहीं. ती फ्रिजमध्यें ठेवून आधीं संपवावी. बाकीच्या थंड, अंधाऱ्या जागीं वर्षभर राहतात. झांकण फुगलेलें, कडेनें पाझरलेलें, किंवा उघडतांना आंतून फेस येत असलेला दिसला, तर ती चटणी चाखूनही पाहूं नये आणि जनावरांसही घालूं नये.