बालकांचा तोल आणि त्याची पारख

मूल वारंवार धडपडू लागले, किंवा जिना चढताना कठडा सोडीना, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी ‘वाढत्या वयाबरोबर सुधारेल’ अशी समजूत घालतात. आणि ती पुष्कळदा खरी ठरत असली, तरी कोणत्या मुलाच्या बाबतीत ती अमूल्य कालाचा अपव्यय करील, याचा निवाडा नुसत्या अंदाजाने होत नाही.

भौतिकोपचारतज्ज्ञ यासाठी जी परीक्षणे योजतात, त्यांत प्रौढांच्या बर्ग मापनश्रेणीत फेरफार करून २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘पेडियाट्रिक बॅलन्स स्केल’ प्रमुख आहे. तीत कृती चौदा, प्रत्येकीस शून्य ते चार गुण, एकूण छप्पन्न. हातांचा आधार न घेता बाकावरून उठणे, फळ्याचे डस्टर जमिनीवरून उचलणे, एका पायावर उभे राहणे, अशा या नित्याच्याच हालचाली होत. परंतु डोळे मिटून दहा सेकंद उभे राहण्याची कृती पाहावी: तोल सावरण्यास दृष्टी, अंतःकर्ण आणि पायांच्या स्नायू-सांध्यांतील संवेदना या तिघांचे साहाय्य लागते, त्यांतील दृष्टी काढून घेताच जे मूल डोलू लागते, त्याची उरलेली भिस्त कितपत पक्की आहे, हे तत्क्षणी कळते. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाणे व परत येऊन बसणे, यास लागणारा वेळ घड्याळ लावून मोजण्याचीही एक सुटसुटीत पद्धत आहे.

तथापि माझ्या मते आकड्याइतकेच महत्त्व रीतीला आहे. जमिनीवरून उठताना जे मूल आधी पालथे होते, ढुंगण वर उचलते आणि मग हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकीत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उभे राहते, ते उठते खरे. पण कंबर व मांड्यांच्या स्नायूंचे दौर्बल्य त्यातून उघड होते, आणि अशा मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

शिवाय एका दिवसाच्या गुणांवरून मुलास नापास ठरविणे सर्वथा अन्यायाचे होय. थकलेले, भ्यालेले वा भुकेलेले मूल आपली खरी शक्ती दाखवीत नाही. तेच परीक्षण, त्याच उंचीच्या आसनावर, काही महिन्यांनी पुन्हा घेतले, म्हणजे उपचाराचा गुण येतो किंवा नाही याचा पुरावा दप्तरी राहतो.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तजवीज आहे. पालकांनी तेथे निःसंकोच जावे, परीक्षणाच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी, आणि पुढच्या भेटीस ती सोबत न्यावी.