कडुनिंब बाटलीत भरताना

धान्याच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत तुमच्या घरी असेल. निदान आजीच्या तोंडून तरी तुम्ही ती ऐकली असेल. मग एक प्रश्न पडायला हवा. ज्या झाडाच्या निंबोळ्या रस्त्यावर पायदळी जातात, त्याचेच औषध शेतकऱ्याने बाटलीतून विकत का घ्यावे? आणि घेतलेच, तर ते एकदा लागू पडते आणि एकदा पडत नाही, असे का व्हावे?

कडुनिंबात गुण आहे, याबद्दल वाद नाही. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले, की टोळांनी सगळे हिरवे फस्त केले, पण कडुनिंबाला तोंड लावले नाही. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवानी आणि राय यांनी हाच गुण पिकासाठी वापरता येतो हे मांडले. निंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून फवारली, की टोळ पिकावर उतरतात, पण खात नाहीत. यामागचा मुख्य पदार्थ १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी बियांतून वेगळा काढला. त्याचे नाव ॲझाडिरॅक्टिन.

हा रेणू मोठा गुंतागुंतीचा आहे. कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६, असे ९५ अणू त्यात आहेत. त्याची नेमकी रचना निश्चित व्हायला १९८५ साल उजाडले. केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ वर्षे खपून २००७ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला. पण त्या वाटेने कारखान्यात तो बनवणे परवडण्यासारखे नाही. म्हणजे तो झाडाकडूनच घ्यायला हवा, आणि झाड काही कारखान्याच्या मापाने चालत नाही. एका झाडाच्या बियांत तो जास्त, दुसऱ्याच्या बियांत कमी. शिवाय आपल्याकडे निंबोळ्या पिकतात त्या ऐन पावसाच्या तोंडावर. नीट वाळल्या नाहीत, तर त्यांवर बुरशी चढते. ॲझाडिरॅक्टिन घटते आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मात्र वाढू शकते. बाटलीवर ३०० पीपीएम लिहिले असेल, तर दहा लाख भागांत ३०० भाग ॲझाडिरॅक्टिन प्रत्येक बाटलीत भरले पाहिजे. विकायचे औषध आणि घरचा काढा यांतला पहिला फरक हा.

दुसरी अडचण सूर्याची. इथे मात्र माझा विषय येतो, म्हणून थोडा रेंगाळतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि तरंगलांबी जितकी कमी, तितकी प्रत्येक कणाची ऊर्जा जास्त. तांबड्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जा सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध तोडायला सुमारे ३.६ लागतात. म्हणजे तांबडा प्रकाश कितीही प्रखर असला, तरी त्याचा एकेक कण तोकडाच पडतो. पण उन्हात जंबुपार, म्हणजे अतिनील किरणही असतात. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या कणाची ऊर्जा ४.१ भरते. असा कण रेणूने शोषला, की रेणू मोडण्याची वाट मोकळी होते. सकाळी फवारलेले ॲझाडिरॅक्टिन दिवसभर पानावर पडून हा मारा सोसत असते. म्हणून फवारणी संध्याकाळी करतात.

मग रेणूच असा बदलावा की तो उन्हाला दाद देणार नाही! हा प्रयोग दुसऱ्या एका वनस्पतीबाबत झालेला आहे. केनियाच्या डोंगराळ भागात पायरेथ्रमची पांढरी फुले पिकवतात. त्यांतली पायरेथ्रिन ही द्रव्येही उन्हात काही तासांत निकामी होतात. १९७३ मध्ये इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मायकेल एलियट यांच्या चमूने त्यांच्या धर्तीवर परमेथ्रिन हा कृत्रिम रेणू बनवला. तो उन्हात टिकला, शेतात चालला. पण मासे आणि मधमाश्या यांना तो फार घातक आहे आणि आता तो लवकर मोडतही नाही. ज्याला आपण दोष म्हणत होतो, तोच त्या फुलाचा मोठा गुण होता. माझ्या मते मूळ रेणू तसाच ठेवून त्याला आडोसा देणारी द्रव्ये मिसळणे हा शहाणपणाचा मार्ग, जरी त्याने थोडाच वेळ मिळत असला तरी.

तिसरी अडचण तुम्ही घरीच पाहू शकता. अळवावरचे पाणी आपण म्हणतो ना? अळूच्या किंवा कोबीच्या पानावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल राहून घरंगळतो, कारण पान मेणचट आहे आणि पृष्ठताणामुळे थेंब आक्रसून बसतो. आता पाण्यात चिमूटभर साबण विरघळवून तोच प्रयोग करा. थेंब पसरू लागेल. कोबीवर नुसते औषध फवारले तर त्यातले बरेचसे जमिनीत जाते, ते यामुळे. साबणासारखी द्रव्ये निंबोळीच्या तेलाचे बारीक थेंबही पाण्यात तरंगत ठेवतात. यालाच पायस म्हणतात, आणि ते दुधासारखे पांढरे दिसते. विहिरीचे पाणी कठीण असेल, तर मात्र साबणाचा फेस न येता साका बसतो.

एवढे सगळे जमूनही दुसऱ्या दिवशी शेतकरी पाहतो, तर अळ्या जिवंत! तो म्हणतो, फसवले. वास्तविक हे औषध अळीला झटक्यात मारत नाही. ते तिची भूक मंदावते आणि कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करते. ती वाढू न शकल्याने काही दिवसांनी मरते. म्हणून अळ्या लहान असतानाच फवारायला हवे.

'वनस्पतीचे म्हणजे निर्धोक' असे मात्र धरू नका. तंबाखूतले निकोटिनही वनस्पतीचेच, आणि कीटकनाशक म्हणून वापरलेले, पण माणसालाही जीवघेणे. आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली वनस्पतिजन्य औषधांचीही नोंदणी करावी लागते, ती योग्यच आहे.

घरचा ५ टक्के निंबोळी अर्क आजही पुष्कळ शेतकरी करतात. ५ किलो निंबोळीची पूड पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालून पाणी १०० लिटर करायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारून संपवायचे. उरलेला अर्क साठवायचा नाही, कारण पाण्यातही हा रेणू हळूहळू मोडत राहतो. बाटलीतले औषध महिनोन् महिने टिकावे म्हणून ते पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकात ठेवतात आणि पाणी फवारताना घालतात.