वांग व काळे डाग : आधी कारण, मग उपाय

त्वचारोग बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत खरूज, गजकर्ण, इसब, कोड अशा नाना व्याधींचे रुग्ण असतात. त्यांत चेहरा पदराने वा ओढणीने अर्धा झाकून बसलेल्या स्त्रिया बहुधा एकाच तक्रारीसाठी आलेल्या असतात. गालांवर, कपाळावर व वरच्या ओठावर तपकिरी-काळे डाग उमटलेले असतात. आपल्याकडे त्यांस ‘वांग’ म्हणतात. हा विकार जिवावर बेतणारा नसल्याने घरात एरवी त्याची दखल घेतली जात नाही. मुलीचे लग्न ठरवावयाचे असले म्हणजे मात्र ती घेतली जाते, आणि तीही घाईने. या घाईतून जे अनर्थ घडतात त्यांविषयी अहवालाच्या वाचकांशी काही बोलावे, असे आम्हांस वाटले.

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील रंगपेशी हे द्रव्य तयार करतात आणि सूक्ष्म कणांच्या रूपाने शेजारच्या पेशींना पुरवितात. गोऱ्या व सावळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. त्या किती व कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात आणि त्याचे कण कसे विखुरले जातात, यात काय तो फरक. हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरून सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करतात. सावळ्या लोकांत त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, त्याचे हे एक मोठे कारण होय. सावळा वर्ण हा रोग नव्हे. त्यावर औषध मागणाऱ्या पालकांना आम्ही ते देत नाही. डाग ही निराळी गोष्ट आहे. रंगपेशी कशाने तरी डिवचल्या गेल्या की त्या ठिकाणी मेलॅनिन अधिक तयार होते व डाग दिसू लागतो. तेव्हा डिवचणारे कारण शोधणे हा उपचाराचा पहिला भाग ठरतो.

वांगाच्या बाबतीत सूर्यप्रकाश, संप्रेरके आणि आनुवंशिकता ही तीन कारणे एकत्र नांदतात. गर्भारपणात अनेक स्त्रियांना वांग येतो व प्रसूतीनंतर काही महिन्यांत तो पुष्कळदा फिकट होतो. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही तो येऊ शकतो. मात्र गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलून पर्याय निवडावा. पुरुषांनाही वांग होतो, विशेषतः उन्हात राबणाऱ्यांना. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो, हे अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

मुरूम, कीटकदंश, भाजणे, इसब यांनंतर मागे राहणारे डाग हा दुसरा मोठा गट. मूळ दाह शमला की हे डाग महिन्यामहिन्याने आपोआप विरतात. पण मुरूम फोडणाऱ्या बोटांना तेवढा धीर नसतो. घासण्याने येणारा काळेपणा तर अगदी घरगुती आहे. मान व पाठ ‘मळ निघत नाही’ म्हणून नायलॉनच्या घासणीने रोज खरवडली जाते, त्वचा त्याला उत्तर म्हणून आणखी काळी होते, आणि मग घासणे आणखी वाढते. केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन कित्येकांना सोसत नाही. त्यामुळे कपाळ व कानांच्या बाजूस राखट काळेपणा येऊ शकतो. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते पुष्कळदा असते. टिकलीच्या गोंदातील एका रसायनाने उलट प्रकार होतो, म्हणजे कपाळावर तेवढाच पांढरा ठिपका उरतो. टिकली बदलणे किंवा काही काळ न लावणे हा तेथे उपचाराचाच भाग असतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते पटवून देण्यास आम्हांस औषध लिहिण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे वळतो. १९७५ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एक स्टेरॉइड यांचे मिश्रण डागांवर गुणकारी ठरते, असे प्रसिद्ध केले. तत्त्व उत्तम होते, आजही आहे. आम्हीही अशी मिश्रणे निवडक रुग्णांना काही आठवड्यांसाठी, रात्री, देखरेखीखाली देतो. परंतु आपल्या बाजारात याच जातीच्या, मोमेटासोनसारखे प्रभावी स्टेरॉइड घातलेल्या ट्यूब ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून हातोहात खपू लागल्या. शेजारीण सांगते, दुकानदार देतो, आणि आठवड्याभरात चेहरा खरोखरच उजळतो. फसगत होते ती नेमकी येथे.

स्टेरॉइडने दाह दबतो व रंग फिका होतो, पण त्याच वेळी त्वचा पातळ होत जाते. काही महिन्यांत गालांवर लाली येते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे उठतात, लव वाढते. घाबरून क्रीम बंद करावे, तर आग, खाज व सूज अशी उसळते की रुग्ण दुसऱ्याच दिवशी पुन्हा तीच ट्यूब हाती घेतो. हे एक प्रकारचे व्यसनच होय. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांत केलेल्या एका पाहणीत, चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड वापरीत असल्याचे आढळले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने सुचविले होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉइडयुक्त लावावयाची औषधे अनुसूची ‘एच’ मध्ये आणली. ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. कागदावर हे ठीक झाले. जुनी रिकामी ट्यूब दाखवून नवी मिळविणे मात्र अजूनही अवघड नाही, हे आमचे रुग्णच सांगतात.

अशा रुग्णाचा चेहरा पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात. क्रीम एकदम सोडावयाचे की हळूहळू उतरवावयाचे, हे ते किती काळ व किती प्रभावी वापरले यावर ठरते. पहिले काही आठवडे चेहरा अधिक वाईट दिसतो, आणि याच काळात रुग्ण उपचार सोडून जातात. म्हणून पहिल्या भेटीतच सासू, आई वा पती यांपैकी कोणास तरी बसवून घेऊन ही गोष्ट समजावणे आम्ही आवश्यक मानतो.

विनानावाच्या, नीट छापील माहिती नसलेल्या डब्यांत याहूनही घातक वस्तू असू शकते, ती म्हणजे पारा. पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो, पण त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडास इजा करतो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एरवी विरळा असणारा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरीत होते. असे क्रीम लावणाऱ्याच्या पायांना सूज आली वा लघवीस फेस येऊ लागला, तर त्वचेचा विचार बाजूस ठेवून प्रथम लघवी तपासून घ्यावी.

प्रतिबंधाचा खर्च फारसा नाही, चिकाटी मात्र लागते. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळातील ऊन शक्यतो टाळावे. शेतात व रस्त्यावर काम करणाऱ्यांना ते टाळणे शक्य नसते, हे आम्ही जाणतो. त्यांनी रुंद काठाची टोपी, छत्री किंवा दाट विणीची सुती ओढणी वापरावी. परवडत असल्यास एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन चेहरा व मान मिळून दोन बोटे भरेल एवढे घ्यावे, आणि उन्हात असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. चिमूटभर लावून ‘गुण नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. वांग असणाऱ्यांनी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घेणे चांगले, कारण दिसणारा प्रकाश त्यानेच अडतो. बसच्या वा घराच्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा व टूथपेस्ट चेहऱ्यावर लावू नये. त्यांनी त्वचा पोळून नवा डाग पडतो.

काही डाग त्वचेचे नसून आतील विकाराचे निरोप असतात. मान व काखेतील जाड, मखमलीसारखा काळेपणा बहुधा वाढते वजन व इन्सुलिनला न जुमानणारे शरीर यांचे लक्षण असते. लहान मुलातही असे दिसल्यास घासणी टाकून रक्तातील साखर तपासावी. बोटांच्या पेरांवर नव्याने आलेला काळेपणा जीवनसत्त्व ब-१२ च्या कमतरतेने येऊ शकतो. हातांच्या रेषा व हिरड्या काळवंडून सोबत अशक्तपणा व वजनात घट असेल, तर विलंब लावू नये. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी त्वरित करून घ्यावी. त्यावरील औषधे शासनातर्फे विनामूल्य मिळतात. तीळ वा डाग आकाराने वाढू लागला, त्यातून रक्त येऊ लागले, किंवा तळपायावर नवा काळा ठिपका दिसला, तर तोही दाखवावा.

विभागात येताना रुग्णांनी आजवर चेहऱ्यास लावलेली प्रत्येक वस्तू सोबत आणावी : चालू ट्यूब, रिकामी ट्यूब, कलपाची पुडी, टिकलीचे पाकीट, नाव नसलेली डबी. ती कोणी दिली, हे विचारून आम्ही रुग्णास संकोचात टाकीत नाही. तीत काय आहे, एवढेच आम्हांस पाहावयाचे असते.