नान्नजचें माळरान

तुळजापूर, पंढरपूर आणि अक्कलकोट हीं क्षेत्रें करून परत फिरणाऱ्या कुटुंबाजवळ सोलापुरांत बहुधा एक दिवस मोकळा उरतो. हा दिवस चादरींच्या दुकानांत, सिद्धेश्वराच्या देवळांत आणि भुईकोट किल्ल्याच्या तटावर सहज निघून जातो. त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. परंतु ज्यांस भल्या पहाटेस उठण्याचा कंटाळा नाहीं, त्यांनीं एकदां तरी बार्शीच्या रस्त्यानें उत्तरेकडे निघावें. शहरापासून सुमारें २० किलोमीटरांवर नान्नज नांवाचें गांव लागतें. माळढोक पक्ष्यांच्या रक्षणासाठीं १९७९ सालीं जें अभयारण्य स्थापन झालें, त्याचें हें मुख्य ठाणें होय.

‘अभयारण्य’ या शब्दांतील ‘अरण्य’ तेवढें मनांत धरून जे येथें येतात, त्यांची पहिल्या पांच मिनिटांतच निराशा होते. येथें महाबळेश्वरची गर्द झाडी नाहीं, कोंकणांतील धबधबे नाहींत, दऱ्या नाहींत कीं कडे नाहींत. दूरवर पसरलेली उंचसखल मुरमाड जमीन, तिच्यावर गुडघाभर गवत, मधूनच एखादा हिवर, एखादी बोर, तरवडाचीं चारदोन झुडपें, आणि या सर्वांवर टाकलेलें भलें मोठें आकाश. देखावा म्हणावयाचा तो एवढाच. सह्याद्रि आपल्या पश्चिम अंगावर ढग रिते करून घेतो आणि त्याच्या पाठीमागच्या या प्रदेशाच्या वांट्यास वर्षाकाठीं पांचसहाशें मिलिमीटर पाऊस कसाबसा येतो. वर मातीचा थर पातळ. अशा जागीं दाट वन वाढत नाहीं, गवत वाढतें. कुसळी, मारवेल यांसारखीं गवतें उन्हाळ्यांत वाळून जमिनीशीं मिळतात आणि जूनच्या सरींबरोबर मुळांपासून पुन्हां फुटतात. गवताळ माळ म्हणजे उजाड झालेलें जंगल नव्हे. तो स्वतःच एक पुरा संसार आहे. ही साधी गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें सरकारी दप्तरांत अशा जमिनीवर पुष्कळ काळ ‘पडीक’ हाच शिक्का बसला. तिचें भलें करावें म्हणून कित्येक ठिकाणीं झाडें लावण्यांत आलीं, आणि ज्या प्राण्यांस मोकळें मैदान हवें होतें त्यांची त्या झाडांनींच अडचण केली.

येथें पाहावयाचें काय, असें कोणी विचारील. प्रथम काळवीट. नान्नजच्या माळावर तो हटकून दिसतो. पूर्ण वाढलेला नर तेवढा काळा. पोट व डोळ्यांभोंवतालचें वर्तुळ पांढरें आणि शिंगांस मळसूत्रासारखे पीळ. माद्या आणि लहान नर वाळल्या गवताच्याच रंगाचे असतात, म्हणून कळप समोर असूनही नवख्या माणसास आधीं एकच प्राणी दिसतो आणि मग एकाएकीं पंधरा दिसूं लागतात. कळप बिथरला म्हणजे कांहीं जनावरें धांवण्यापूर्वीं जागच्या जागीं उंच उड्या घेतात. घरांतील मुलांना सर्वांत अधिक आवडतें तें हेंच. ज्यांना केवळ काळवीटच पाहावयाचे असतील त्यांच्यासाठीं अहिल्यानगर जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें १९८० सालीं स्थापन झालेलें वेगळें अभयारण्य आहे; परंतु तें जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरांचें, आणि नान्नजचा विस्तार तेथें नाहीं.

काळविटाच्या पाठोपाठ लांडगा येतो. तो दिसेलच असें नाहीं. धनगरांच्या मेंढ्यांच्या मागावर तो राहतो, धनगर त्याला ओळखून असतात, आणि उभयतांचें हें वैर इतकें जुनें आहे कीं त्याला एक प्रकारचा शेजारधर्मच म्हणावें. खोकड मात्र सकाळच्या उन्हांत आपल्या बिळाच्या तोंडाशीं निवांत बसलेलें आढळतें.

पक्ष्यांसाठीं हिंवाळा उत्तम. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत माळावर भोवत्या नांवाचे शिकारी पक्षी येतात. कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ प्रदेशांतून हजारों किलोमीटर उडत येऊन ते येथले नाकतोडे खातात! दिवसभर ते गवतावरून अगदीं खालून घिरट्या घालीत असतात आणि सूर्य मावळतीस टेकला कीं एकेक करून ठराविक जागीं जमूं लागतात. झाडावर न बसता ते गवतांत जमिनीवरच रात्र काढतात. सायंकाळचा हा मेळा पाहण्यासाठीं सोलापुरास मुक्काम एका दिवसानें वाढविला तरी तो व्यर्थ जाणार नाहीं. याखेरीज धाविक, पखुर्डी, चंडोल, नीलपंख आहेतच. चंडोलाचें गाणें मात्र पावसाच्या आरंभीं ऐकावें.

आतां ज्याच्या नांवानें हें सर्व मांडलें गेलें त्या माळढोकाविषयीं. हा पक्षी उंचीनें सुमारें एक मीटर भरतो आणि नराचें वजन पंधरा किलोपर्यंत जातें. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगांत थोडेच. पायास मागचें बोट नसल्यानें तो फांदीवर बसूं शकत नाहीं; त्याचें सारें आयुष्य जमिनीवर चालतें. पावसाळ्यांत नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याखालची पिशवी हवेनें फुगवितो, शेपूट पाठीवर उलटें घेतो आणि घुमूं लागतो. तो घुमारा दूरवर ऐकूं जातो. मादी उघड्या जमिनीवर, घरटें म्हणण्यासारखें कांहींही न करतां, बहुधा एकच अंडें घालते. तें कावळ्याच्या, कुत्र्याच्या किंवा एखाद्या गाईच्या पायाखालीं गेलें म्हणजे त्या मादीचें तें वर्ष फुकट गेलें.

सोलापूरच्या या माळढोकांकडे अभ्यासकांचें लक्ष गेलें तें १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, आणि त्याचें श्रेय येथील पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्याकडे जातें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनीं नान्नज येथें तळ देऊन या पक्ष्याचा बारकाईनें अभ्यास केला. त्या वर्षांत नान्नजला येऊन माळढोक न पाहतां परत जाणें हेंच विशेष मानलें जाई. आज स्थिति नेमकी उलट झाली आहे. देशभरांत मिळून दीडशेंच्या आंतबाहेर पक्षी उरले आहेत, ते बहुतेक राजस्थानांत. सोलापूरच्या माळावर एखादाच पक्षी क्वचित् दिसल्याची वार्ता येते. मोराला १९६३ सालीं राष्ट्रीय पक्षी ठरविण्यापूर्वीं सालीम अली यांनीं ज्या पक्ष्याचें नांव सुचविलें होतें, तो हाच.

हें कसें झालें, याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. शिकार हें जुनें कारण. परंतु सोलापुरापुरतें बोलावयाचें तर पाणी आलें हें मोठें कारण आहे. ज्वारी, करडई आणि मटकीच्या शेतांत माळढोक मजेनें चरत असे. उसाच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांत त्याला पाऊल टाकावयास जागा नाहीं. सोनाका ही बिनबियांची प्रसिद्ध द्राक्षजात याच नान्नज गांवीं निपजली. तिच्यामुळें अनेक घरांत पैसा आला, आणि दुष्काळ सोसलेल्या शेतकऱ्यास याबद्दल दोष देण्याचा अधिकार शहरांतल्या पक्षीप्रेमिकास नाहीं. त्यांतच अभयारण्याची प्रथम आखलेली हद्द होती सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटरांची. तिच्यांत गांवेंच्या गांवें, पेठा आणि बागाईत सारें सांपडलें. जमिनीच्या व्यवहारास अडथळे आले, आणि ज्या पक्ष्याला गांवकरी पूर्वीं कौतुकानें दाखवीत, त्याच्याच नांवानें बोटें मोडूं लागले. २०१२ सालीं ही हद्द सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आली. पण मन एकदां उठलें तें उठलें. विजेच्या उंच तारांचें संकट त्यानंतरचें. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्याला समोरचें फार थोडें दिसतें, आणि जड शरीरामुळें आयत्या वेळीं वळतां येत नाहीं. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यांत अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम चालू आहे आणि त्याला यशही येत आहे. पण तीं पिलें मोठीं झाल्यावर त्यांना सोडावयाचें तर माळ शिल्लक हवा.

म्हणून माळढोक दिसेल या भरंवशावर नान्नजला जाऊं नये. जाण्यापूर्वीं वनखात्याची परवानगी घ्यावी, बरोबर वाटाड्या असावा, आणि सूर्योदयाच्या आधीं पोहोंचावें. नऊ वाजल्यानंतर उन्हाच्या झळांत दुर्बिणीचाही उपयोग होत नाहीं. कपडे मातीच्या रंगाचे असावेत. पाणी घरून न्यावें. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो, तेव्हां मुलांना नेणें शहाणपणाचें नव्हे. पावसाळ्यांत माळ सर्वांत सुंदर दिसतो, परंतु त्याच दिवसांत जमिनीवर अंडीं असतात. तेव्हां वाट सोडून गवतांत एकही पाऊल घालूं नये, आणि पाळीव कुत्रें तर मुळींच नेऊं नये.

परत आल्यावर दुपारची विश्रांति घेऊन तुळजापूरच्या रस्त्यावरील हिप्परग्याचा तलाव पाहावा. एकरूख तलाव तो हाच. आदिला नदीस बांध घालून तो १८७१ सालीं पुरा करण्यांत आला. हिंवाळ्यांत येथें चक्रवाक आणि थापट्या बदकें उतरतात, आणि ज्या वर्षीं पाणी ओसरून कांठचा चिखल उघडा पडतो त्या वर्षीं रोहितही येतात. ऊन पाठीशीं असावें, यासाठीं सायंकाळीं पश्चिमेच्या कांठानें जावें.