महाराष्ट्रातील दिव्यांग व्यक्तींचा रोजगार

दिव्यांग व्यक्तींचा रोजगार म्हणजे शारीरिक, बौद्धिक वा मानसिक दिव्यांगत्व असलेल्या, तसेच दृष्टी किंवा श्रवणाची मर्यादा असलेल्या व्यक्तींना मिळणारी नोकरी, त्यांचा स्वयंरोजगार आणि त्यासाठी कामाच्या ठिकाणी करावी लागणारी व्यवस्था होय. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. देशातील दिव्यांगांपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले. ही गणना जुन्या व्याख्येनुसार झाली होती. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले असल्यामुळे आजची संख्या यापेक्षा मोठी मानणे युक्त ठरते.

== संज्ञा ==
मराठीत पूर्वी 'अपंग' हा शब्द सरसकट वापरला जाई. संस्थांची नावे, शासकीय आदेश आणि प्रमाणपत्रे यांत तो अजूनही आढळतो. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला व पुढे तो शासकीय व्यवहारात रूढ झाला. या शब्दात वास्तवापेक्षा गौरवच अधिक आहे, असा आक्षेप काही कार्यकर्त्यांनी घेतला आहे. शब्द बदलल्याने कार्यालयाच्या दारातील पायऱ्या कमी होत नाहीत, हे त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

== पूर्वपीठिका ==
महाराष्ट्रातील संघटित प्रयत्नांचा एक आरंभबिंदू पहिल्या महायुद्धात सापडतो. युद्धात हातपाय गमावलेल्या भारतीय सैनिकांना एखादा व्यवसाय शिकवावा म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ही संस्था पुढे पुण्याजवळील खडकी येथे हलली. नागरी जीवनात अंधांसाठी काम करणारी राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजेच 'नॅब', १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली. १९६८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने मुंबई व हैदराबाद येथे अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्रे उघडली. उमेदवाराची क्षमता पारखणे, त्याला प्रशिक्षण देणे आणि मालकाशी त्याची गाठ घालून देणे, ही या केंद्रांची कामे होती.

या काळातील कामे ठरावीक होती. अंधांनी वेताच्या खुर्च्या विणाव्यात किंवा टेलिफोन चालवावा, मूकबधिरांनी शिवणकाम वा छपाईकाम करावे, असा जणू संकेतच होता. त्यामागचा हेतू चांगला असला, तरी माणसाला काय आवडते हे विचारण्याची पद्धत नव्हती. पुढे सार्वजनिक टेलिफोनच्या दुकानांनी शहरांतील अनेक अपंगांना उत्पन्नाचे साधन मिळवून दिले. मोबाईल आले आणि काही वर्षांतच ही दुकाने ओस पडली. एकाच प्रकारच्या कामावर संपूर्ण समूहाची भिस्त ठेवण्यातील धोका या उदाहरणातून दिसतो.

== आनंदवन ==
बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभारले. मोजके कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय एवढ्यावर काम सुरू झाले. दान माणसाला दुबळे करते व श्रम त्याला उभे करतात, अशी बाबांची धारणा होती. त्यामुळे येथे रुग्णाच्या हाती प्रथम कुदळ आली. बोटे झडलेल्या हातांनी विहिरी खोदल्या गेल्या आणि शेती उभी राहिली. पुढे हातमाग, छापखाना, सुतारकाम, धातुकाम असे उद्योग सुरू झाले. अंध व मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या, तसेच अपंगांना व्यवसाय शिकवणारे 'संधिनिकेतन' उभे राहिले.

आरंभी आनंदवनातील दूध व भाजीपाला घेण्यास आसपासचे लोक तयार नसत. माल चांगला होता, परंतु तो पिकवणारे हात लोकांना नको होते. रोजगाराचा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही, हे येथे स्पष्ट दिसते. कामगाराला काम येते, तरी गिऱ्हाईक, सहकारी किंवा मालक त्याला स्वीकारत नाही, हा अनुभव कुष्ठरोगमुक्तांपुरता मर्यादित नाही. २०१६ च्या कायद्याने कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा आरक्षणाच्या गटात समावेश केला आहे.

== कोल्हापूर, सिंधुदुर्ग व महाबळेश्वर ==
नसीमा हुरजूक यांना तरुण वयात पक्षाघाताने कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनी शिक्षण पूर्ण करून कोल्हापुरात केंद्रीय अबकारी विभागात नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था स्थापन केली. संस्थेने वसतिगृह, शाळा आणि चाकाच्या खुर्च्या व तत्सम साधने बनवणारी कार्यशाळा उभारली. खुर्ची वापरणारा माणूसच खुर्ची घडवत असल्यामुळे तिच्यातील उणिवा त्याला आधी कळतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात संस्थेने 'स्वप्ननगरी' हा प्रकल्प सुरू केला व तेथे काजूप्रक्रियेतून अपंगांना काम दिले. कोकणातील पीक आणि बसून करता येणारे काम यांची ही सांगड सहज सुचण्यासारखी वाटते. मात्र ती घालण्यासाठी स्वतः खुर्चीत बसलेली व्यक्ती पुढे यावी लागली. हुरजूक यांचे आत्मकथन 'चाकाची खुर्ची' या नावाने प्रसिद्ध आहे.

दृष्टिहीन उद्योजक भावेश भाटिया यांनी नॅबमध्ये मेणबत्त्या बनवण्याचे प्रशिक्षण घेतले, महाबळेश्वरात हातगाडीवर मेणबत्त्या विकल्या आणि १९९४ मध्ये 'सनराईज कँडल्स' हा उद्योग सुरू केला. त्यांनी इतर दृष्टिहीनांनाही प्रशिक्षण देऊन कामावर घेतले. मुंबईत २००९ मध्ये ध्रुव लाक्रा यांनी 'मिरॅकल कुरिअर्स' ही कंपनी काढली. तिच्यात कर्णबधिर तरुण टपाल पोहोचवत, तर कर्णबधिर स्त्रिया कार्यालयात पाकिटांची वर्गवारी करत. निरोपांची देवाणघेवाण लघुसंदेश व खुणांच्या भाषेतून चाले. पत्ता वाचणे, रस्ता लक्षात ठेवणे आणि सही घेणे या कामात ऐकू येण्याची गरज किती थोडी आहे, हे या कंपनीने दाखवले.

== कायदेशीर तरतुदी ==
१९९५ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण ठेवले. अनेक खात्यांनी ते केवळ 'सुयोग्य ठरवलेल्या' पदांपुरते मोजून जागा कमी केल्या. आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त पदांवर मोजावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने शासकीय आस्थापनांतील आरक्षण किमान ४ टक्के केले. त्यात दृष्टिदोष, श्रवणदोष व शारीरिक हालचालींशी निगडित दिव्यांगत्व यांना प्रत्येकी १ टक्का, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व यांना मिळून १ टक्का असा वाटा आहे. लाभासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. बनावट प्रमाणपत्रांमुळे खऱ्या उमेदवाराची जागा जाते, शिवाय त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांगांसाठी ३,५६६ प्रकारची पदे निश्चित केली. नोकरीत असताना दिव्यांगत्व आल्यास शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीतील दुसरे काम द्यावे लागते आणि ते नसल्यास अतिरिक्त पद निर्माण करून सामावून घ्यावे लागते. ही तरतूद कमी लोकांना ठाऊक आहे. अपघातानंतर राजीनामा देण्याआधी ती वाचणे आवश्यक आहे.

खासगी कंपन्यांना आरक्षणाची सक्ती नाही. एकूण कर्मचाऱ्यांत किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी मालकांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. समान संधीचे धोरण जाहीर करणे मात्र खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला.

== वाजवी सोय ==
कामाचा गाभा न बदलता आणि मालकावर अवाजवी भार न टाकता केलेला आवश्यक फेरबदल म्हणजे वाजवी सोय. अंध लिपिकाच्या संगणकावर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली बसवणे, कर्णबधिर कामगारासाठी भोंग्याबरोबर दिवा लावणे, खुर्ची वापरणाऱ्याचे टेबल तळमजल्यावर आणणे, मानसिक आजारावर औषध घेणाऱ्याला पाळीची वेळ बदलून देणे, ही तिची साधी रूपे आहेत. यांतील बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा विचारपूस अधिक लागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोय हा समानतेच्या हक्काचाच भाग मानला.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणी गेली. पडद्यावरील मजकूर वाचणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने अभ्यास करून त्या नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या. २०१६ मध्ये त्यांचा क्रमांक ७७३ होता, परंतु पूर्ण अंधत्वाच्या कारणावरून रेल्वे लेखा सेवेने त्यांना नाकारले. पुढच्या वर्षी त्यांनी १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारीपदाची सूत्रे घेतली. जिद्दीची कथा म्हणून हे उदाहरण नेहमी सांगितले जाते. परीक्षेत पात्र ठरलेल्या उमेदवाराला एका खात्याने न आजमावताच परत पाठवले, हा त्यातील भाग सहसा मागे पडतो.

== कामाच्या ठिकाणी पोहोचणे ==
नोकरी मिळाल्यावरही रोजचा प्रवास उरतो. मुंबई महानगरात तो अधिकच कठीण आहे. मीरा-भाईंदर क्षेत्रातील राई, मुर्धा व मोर्वा ही गावे भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. तेथून मुंबईत नोकरीला जायचे तर आधी बस वा रिक्षा, मग भाईंदर स्थानक आणि नंतर पश्चिम रेल्वेची लोकल असा टप्प्याटप्प्याचा मार्ग आहे. बसची पायरी उंच असेल किंवा पदपथ मध्येच तुटला असेल, तर चाकाची खुर्ची वापरणाऱ्याचा दिवस स्थानकाआधीच संपतो. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. त्यात इतरांनी शिरणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही गर्दीच्या वेळी राखीव डब्यातच जागेसाठी झगडावे लागल्याच्या तक्रारी होत असतात.

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवणे अपेक्षित आहे. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतील नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक निकष तयार करण्याचा आदेश केंद्र शासनाला दिला.