पाठीवर काय, चाकावर काय

आदिलाबादहून केसलापूरला नागोबाच्या जत्रेला सायकलीनं जायचं तर राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून गुडीहत्नूर गाठायचं आणि तिथून डावीकडे इंद्रवेल्लीच्या रस्त्याला लागायचं. सारं मिळून पस्तीसेक किलोमीटर. पौष अमावास्येच्या या जत्रेसाठी मेश्राम कुळातले गोंड बांधव जन्नारमकडच्या गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात, तेव्हा सायकलवाल्यानं अंतराबद्दल कुरकुर करू नये. पण पहिल्या खेपेला मी गुडीहत्नूरच्या आतच हैराण झालो. दोष रस्त्याचा नव्हता, पाठीवरच्या सॅकचा होता.

सॅक चांगली होती. चाळीस लिटरची, ट्रेकिंगची, सह्याद्रीतल्या दोन-तीन किल्ल्यांवर जाऊन आलेली. गडावर जी पाठीला चिकटून बसायची, तीच सायकलवर बसल्यावर वैरीण झाली. चालताना माणूस ताठ असतो. कमरेचा पट्टा आवळला की सॅकचं बरंचसं वजन कमरेच्या हाडांवर उतरतं, खांद्यांना फक्त तोल सांभाळायचा असतो. सायकलवर आपण पुढे वाकतो, पाठ तिरपी होते आणि तो पट्टा जवळजवळ निकामी होतो. मग वजन पाठीवर पसरतं, खांद्यांतून मनगटांत उतरतं आणि बुडाखाली सीटवर दाबतं. तळहाताला मुंग्या येतात. उभं राहून चढ मारायला जावं तर सॅक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झोके घेते. सगळ्यांत धोक्याची गोष्ट म्हणजे सॅकचं उंच डोकं हेल्मेटला मागून टेकतं आणि मान वर करून पुढचं दिसत नाही. नागपूर-हैदराबाद मार्गावर समोर ट्रक असताना हे परवडत नाही.

म्हणून लांबच्या सायकलसफरीसाठी सॅक घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: पाठीवर नेमकं काय न्यायचंय? कपडे, चादर, पंप, ट्यूब, पाने हे सगळं पाठीवर घेणार असाल तर दुकानात जाऊच नका, आधी सायकलला कॅरिअर बसवा.

ही गोष्ट सायकलीइतकीच जुनी आहे. थॉमस स्टीव्हन्स १८८४ ते १८८६ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून जगभर फिरला. १८८६ मध्ये तो लाहोरहून कलकत्त्याकडे आपल्या ग्रँड ट्रंक रोडनंच गेला. निघतानाचं त्याचं सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक रेनकोट. तोच रेनकोट त्याचा तंबू आणि तेच त्याचं अंथरूण. ही एवढीशी शिदोरी हँडलच्या पिशवीत मावली. पुढे जर्मनीतल्या हार्टमुट ऑर्टलिबनं इंग्लंडच्या पावसात सायकल चालवताना भिजलेलं सामान पाहिलं, ट्रकवरची ताडपत्री कोरडी राहते हेही पाहिलं आणि त्याच कापडाच्या पिशव्या शिवल्या. १९८२ मध्ये त्यातून त्याची कंपनी उभी राहिली. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या या पिशव्यांना पॅनिअर म्हणतात. आपल्याला त्यात नवल वाटू नये. दोन तोंडांची पडशी खांद्यावर टाकून आपले आजे बाजाराला जात, ओझं दोन्हीकडे सारखं वाटलेलं असे. दूधवाला आपले कॅन सायकलला लटकवतो तेही याच न्यायानं. ओझं जितकं खाली आणि जितकं दोन्ही बाजूंना सारखं, तितकी सायकल सरळ चालते.

कार्बनच्या हलक्या सायकलींना कॅरिअरचे स्क्रू बसवायला भोकंच नसतात. तिथे सीटमागे बांधायची लांबट पिशवी आणि फ्रेमच्या त्रिकोणातली पिशवी एवढ्यावर भागवावं लागतं.

मग पाठीला काय उरलं? जे सायकलपासून दूर जाताना सोडवत नाही ते. पैसे, कागदपत्रं, फोन, औषधं, उन्हाळ्यात पाणी आणि अंगातून काढलेलं जॅकेट. एवढ्याला पंधरा, फार तर वीस लिटरची सॅक पुरते. भरल्यावर तिचं वजन तीन-चार किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच. रिकामा कप्पा माणसाला बघवत नाही.

जॅकेटचा उल्लेख सहज केलेला नाही. आदिलाबादचा हिवाळा बाहेरच्यांना ठाऊक नसतो. तेलंगणात थंडीची बातमी आली की आमचं नाव त्यात असतंच. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. पहाटे पाच वाजता हातमोजे घालून निघालेला माणूस दहाच्या सुमाराला घामाघूम असतो. तेव्हा काढलेलं जॅकेट पटकन कोंबता येईल असा बाहेरचा लवचीक जाळीचा कप्पा मला चेनच्या चार कप्प्यांपेक्षा मोलाचा वाटतो. मेमध्ये गोष्ट उलटी. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पाठीवरचं कापड घाम वाळू देत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. पाठ झाकली की त्या यंत्रणेचा एक मोठा भाग बंद पडतो. यासाठी पाठ आणि सॅक यांच्यामध्ये ताणलेली जाळी असलेली, हवा खेळती ठेवणारी रचना बघून घ्यावी. नळीतून प्यायची दोन लिटरची पाण्याची पिशवी सॅकमध्ये बसते, पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन हे विसरू नये. फ्रेमवर दोन बाटल्या लावल्या तर तेच पाणी चाकं वाहतात. पाण्याची पिशवी मी फक्त जंगलातल्या लांब टप्प्यासाठी बाळगतो.

मापाकडे दुकानात कुणी लक्ष देत नाही. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जे हाड टोचून वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंतची लांबी घरच्या कुणाकडून टेपनं मोजून घ्यावी. सॅक त्याहून लांब नको. छातीवरचा आडवा पट्टा हवाच. खांद्याचे पट्टे बाहेर घसरत नाहीत आणि झोके थांबतात. दुकानात सॅकमध्ये तीन किलो वजन भरा, हेल्मेट घाला, शक्य असेल तर आपल्याच सायकलवर बसा आणि मागे वळून बघा. आरशासमोर ताठ उभं राहून सायकलची सॅक कळत नाही.

कापडावर २१० किंवा ४२० असा डेनियरचा आकडा असतो. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा वाढला की धागा जाड. छोट्या सॅकला २१० चं चांगलं नायलॉन चालतं, तळाला मात्र जाड कापड असावं. आमचा जिल्हा कापसाचा, तरी सुती कॅनव्हासची सॅक मी कुणाला सुचवणार नाही. एकदा भिजली की ती दिवसभर वाळत नाही आणि वजनदार होते.

पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका. वरून पडणारं पाणी ते अडवतं, पण मागच्या चाकाचा फवारा खालून येतो, आणि काळ्या मातीचा चिखल तर कव्हरच्या आत जाऊन बसतो. चाकाला मडगार्ड लावावं आणि सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधावं. एवढ्यानं माझी कागदं कितीतरी पावसांतून कोरडी राहिली आहेत. रंग मात्र पिवळा किंवा केशरी घ्या आणि मागे लाल दिवा अडकवायची पट्टी आहे ना, ते पाहा.

गेल्या पावसाळ्यात नेरडीगोंड्यावरून कुंटाला धबधब्याला गेलो. कडेम नदी तिथे पंचेचाळीसेक मीटर खाली झेपावते. सायकल वरच कुलपात राहिली, पॅनिअर एका चहावाल्या काकांकडे ठेवले आणि लहान सॅक पाठीवर घेऊन शेकडो पायऱ्या उतरलो. खाली तुषारांनी चष्मा धूसर झाला, सदरा अंगाला चिकटला. वर येऊन सॅक उघडली, पिशवीचा पीळ सोडला, तेव्हा आतला फोन आणि नोटा कोरड्या होत्या. काकांना चहाचे पैसे दिले आणि पॅनिअर पुन्हा कॅरिअरला अडकवले.