बेंगळुरूतील पोलीस व न्यायालयीन अभिलेख : कोणता कागद कोठे मागावा?

कायद्याचे राज्य सर्वसामान्य नागरिकाच्या अनुभवास येते ते बहुधा एखाद्या कागदाच्या रूपाने. वाहन चोरीस गेले की विमा कंपनी प्रथम माहिती अहवालाची प्रत मागते. निकालाविरुद्ध अपील करावयाचे तर प्रमाणित प्रत जोडावी लागते. वडिलोपार्जित मिळकतीचा वाद उद्भवला की जुन्या दाव्यातील हुकूमनाम्याचा शोध सुरू होतो. हे सर्व अभिलेख सार्वजनिक यंत्रणेच्या ताब्यात असतात. परंतु ते मिळविण्याचा मार्ग प्रत्येक कागदागणिक भिन्न आहे. चुकीच्या कार्यालयात केलेला अर्ज काही आठवड्यांनी फेटाळून परत येतो आणि तेवढ्या अवधीत अपिलाची मुदत टळली, तर मूळ हक्कच धोक्यात येतो.

नोकरी-व्यवसायानिमित्त बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न अधिक जाणवतो, कारण पोलीस ठाण्यातील बहुतेक कागद कन्नडमध्ये असतात. म्हणून या शहराचे उदाहरण समोर ठेवून या मार्गांची माहिती करून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रथम माहिती अहवाल

दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यात दिल्यावर नोंदला जाणारा प्रथम माहिती अहवाल हा पहिला महत्त्वाचा दस्तऐवज होय. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्या कलम १७३ नुसार या अहवालाची प्रत फिर्यादीस किंवा पीडित व्यक्तीस विनामूल्य देणे बंधनकारक आहे. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती वाचून दाखविली पाहिजे, असेही हे कलम सांगते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती पाठविल्यास तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते.

आरोपीलाही अहवाल पाहण्याचा हक्क आहे. यूथ बार असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अहवाल नोंदल्यापासून २४ तासांत आणि दुर्गमतेसारख्या अडचणीत फार तर ७२ तासांत संकेतस्थळावर ठेवावेत. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांना यातून वगळण्यात आले आहे. कर्नाटक राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे, गुन्हा क्रमांक व वर्ष यांच्या आधारे अहवाल शोधता येतो. तेव्हा ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी गुन्हा क्रमांक टिपून घ्यावा.

ठाण्याने अहवाल नोंदण्यास नकार दिला, तर माहिती लेखी स्वरूपात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे टपालाने पाठविता येते. बेंगळुरूत पोलीस आयुक्तालय असल्याने संबंधित विभागाच्या पोलीस उपायुक्तांकडे ती पाठवावी. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तपास आणि दोषारोपपत्र

तपास सुरू असताना पोलिसांचे सर्व कागद खुले नसतात. तपासाची दैनंदिनी आरोपीला मागता येत नाही. मात्र तपासात काय प्रगती झाली, हे फिर्यादीस किंवा पीडितास ९० दिवसांच्या आत कळविणे कलम १९३ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्याची व सोबतच्या जबाबांची प्रत आरोपीस, तसेच वकिलामार्फत बाजू मांडणाऱ्या पीडितास, विनामूल्य मिळते. त्यासाठी आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून १४ दिवसांची कमाल मर्यादा कलम २३० ने घातली आहे.

तिऱ्हाइताची स्थिती वेगळी आहे. दोषारोपपत्रे सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवावीत, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास प्रकरणात अमान्य केली. दोषारोपपत्र हा पुरावा कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे न्यायालयाने म्हटले. आरोपीची प्रतिष्ठा, पीडिताचे खासगीपण आणि साक्षीदारांची सुरक्षितता यांचा विचार त्यामागे आहे.

अपघातग्रस्तांसाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६० मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. नुकसानभरपाईचा हक्क सांगणाऱ्या व्यक्तीस अपघातातील वाहनाचा क्रमांक, मालक व विमा यांविषयीची माहिती विहित शुल्क घेऊन पोलिसांनी पुरवावयाची असते.

न्यायालयाचा नक्कल विभाग

प्रकरण न्यायालयात गेल्यावर अभिलेख मागण्याचे ठिकाण बदलते. बेंगळुरूतील दिवाणी दावे प्रामुख्याने नगर दिवाणी न्यायालयात चालतात. त्याची न्यायालये केंपेगौडा मार्गावरील संकुलात व मेयो हॉलमध्ये आहेत. दंडाधिकारी न्यायालये नृपतुंग मार्गावर आहेत. जुन्या फौजदारी कागदांवर 'महानगर दंडाधिकारी' असा उल्लेख आढळतो. नव्या संहितेत ही वेगळी श्रेणी राहिलेली नाही, हे शोध घेताना ध्यानात ठेवावे. उच्च न्यायालय विधानसौधासमोरील 'अट्टार कचेरी'त, म्हणजे मराठीतील अठरा कचेऱ्यांच्या इमारतीत आहे. त्याची धारवाड व कलबुर्गी येथील खंडपीठे २०१३ मध्ये कायम झाली.

प्रथम प्रकरणाची ओळख पटवावी. ई-न्यायालय सेवेत प्रत्येक प्रकरणास १६ अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यात आस्थापनेची खूण, प्रकरणाचा क्रमांक व वर्ष यांचा अंतर्भाव असतो. हा क्रमांक नसल्यास पक्षकाराचे नाव, गुन्हा क्रमांक किंवा वकिलाचे नाव यांवरूनही शोध घेता येतो. पुढील तारीख व अनेक प्रकरणांतील आदेश येथे विनामूल्य पाहता येतात. तथापि संकेतस्थळावरून छापून घेतलेला आदेश ही प्रमाणित प्रत नव्हे. ती मिळविण्यासाठी ज्या न्यायालयात अभिलेख आहे, त्याच्या नक्कल विभागात अर्ज करून शुल्क भरावे लागते.

पक्षकारास ही प्रत सहसा अडथळ्याविना मिळते. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीस निकालाची प्रत तत्काळ व विनामूल्य देणे बंधनकारक आहे. प्रकरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने मात्र आपले कारण सांगून न्यायालयाची परवानगी मागावी लागते.

येथे दिवसांचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस, तर नगर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास ९० दिवस मिळतात. प्रत तयार होण्यास लागणारा काळ मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ नुसार या मुदतीतून वगळला जातो. परंतु अर्ज करण्यापूर्वी आपण दवडलेले दिवस वगळले जात नाहीत. म्हणून निकाल लागताच प्रतीसाठी अर्ज करावा आणि प्रतीवरील अर्जाची, प्रत तयार झाल्याची व ती हाती आल्याची तारीख तपासून घ्यावी.

माहितीचा अधिकार कोठे उपयोगी?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली कोणताही न्यायालयीन कागद मिळतो, हा समज बरोबर नाही. गुजरात उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की न्यायिक अभिलेखांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागाव्या लागतील. माहितीचा अर्ज तेथे पर्याय ठरत नाही.

पोलिसांच्या बाबतीत मात्र हा कायदा प्रभावी आहे. तक्रारीवर कोणती कार्यवाही झाली, ती कोणाकडे प्रलंबित आहे, ठाण्यात विशिष्ट काळात किती गुन्हे नोंदले गेले, अशी माहिती मागता येते. तपासात अडथळा येईल अशी माहिती कलम ८(१)(ज) खाली नाकारता येते. पण केवळ तपास चालू आहे एवढे कारण पुरेसे नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्ये सांगितले. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांच्या मर्यादेत असावा, असा नियम आहे. शुल्क १० रुपये असून उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर प्रथम अपील व पुढे राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते.

दुसऱ्या व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी मागण्याचा सर्वसाधारण हक्क नागरिकास नाही. स्वतःसाठी पोलीस पडताळणी प्रमाणपत्र हवे असल्यास राज्य शासनाच्या 'सेवा सिंधू' सेवेमार्फत अर्ज करता येतो.

भाषेचा अडसर

कन्नड अपरिचित असली, तरी तेथील कार्यालयीन शब्द मराठी वाचकास फार परके नाहीत. प्रथम माहिती अहवालास 'प्रथम वर्तमान वरदी' म्हणतात. यातील 'वर्तमान' आपल्या वर्तमानपत्रातलेच आहे. तक्रार म्हणजे 'दूरु', दोषारोपपत्र म्हणजे 'दोषारोप पट्टी', निकाल म्हणजे 'तीर्पु' आणि प्रमाणित प्रत म्हणजे 'दृढीकृत प्रति'. अर्जावर कार्यालय जे लेखी उत्तर देते, ते 'हिंबरह'. तोंडी नकार मिळाल्यास हेच 'हिंबरह' मागावे, कारण पुढे दाद मागताना लेखी नकाराचाच आधार होतो. तक्रार स्वतः लेखी दिल्यास आपले म्हणणे आपल्याच शब्दांत अभिलेखावर राहते. न समजलेल्या मजकुरावर मात्र स्वाक्षरी करू नये.

सारांश, अहवालासाठी पोलीस ठाणे, खटल्याच्या कागदांसाठी न्यायालयाचा नक्कल विभाग आणि प्रशासनाने काय केले हे जाणण्यासाठी माहितीचा अधिकार, असे हे तीन मार्ग आहेत. संगणकीकरणाने शोध सुकर केला आहे. मात्र गुन्हा क्रमांक जपणे, अर्जाची पोच घेणे आणि मुदतीची तारीख लिहून ठेवणे हे काम नागरिकालाच करावयाचे आहे. एवढी दक्षता घेतली, तर कायद्याने दिलेला हक्क कागदाअभावी वाया जाणार नाही.